मोरीचं पाणी

कमलम्माला पहाटे जाग यायची ती पाण्याच्या आवाजानं. गजराचं घड्याळ घरात होतं, पण ते तिच्या नवऱ्यासाठी. चनमल्लप्पा पाटबंधारे खात्यात कारकून, त्याला बस गाठायची असायची. कमलम्माला घड्याळ लागतच नसे. तिच्या सासूबाई, सुंदरम्मा, बरोबर चारला आंघोळीला बसायच्या, तांब्या तांब्या पाणी अंगावर घ्यायच्या, आणि ते पाणी मोरीच्या भोकातून मागच्या पाटात उतरायचं. कमलम्मा डोळे न उघडताच त्या पाण्यामागून मनानं चालत जायची. आता बेलाच्या आळ्यात शिरलं. आता आळं भरलं. आता कुंपणाखालच्या भोकातून गल्लीत निघालं, पहिल्या लिंबाला लागलं, तिथं शेजारच्या प्रभाताईंच्या मोरीचं पाणी येऊन मिळालं, आणि दोन्ही मिळून प्रभाताईंच्या दारच्या लिंबाकडे निघाली. गल्लीत एकतीस कडुलिंब होते. एकतिसाव्यापर्यंत पोचायच्या आत तिला पुन्हा डुलकी लागायची. खोटं कशाला सांगा, एवढं सुख तिला दुसऱ्या कशात नव्हतं. पण सांगणार कुणाला? मोरीच्या पाण्यात सुख सापडतं म्हटल्यावर लोक काय म्हणतील!

त्या दिवशी, चैत्रातल्या त्या पहाटे, तिनं तांब्याचा आवाज ऐकला. बादलीवर तो टेकल्याचाही ऐकला. पाण्याचा मात्र आवाज आलाच नाही.

ती तशीच पडून राहिली. स्वप्नातच आहोत असं तिला वाटलं, कारण स्वप्नातच असं होतं, माणूस बोलतो आणि आवाज येत नाही. सासूबाईंचा दुसरा तांब्या. पुन्हा काही नाही. बेल जिथं होता तिथं अंधारात काहीतरी थांबून राहिलंय, वाट बघतंय, असं तिला वाटत राहिलं. मग एकाएकी ती खडबडून उठली आणि मागच्या दारानं अनवाणीच बाहेर गेली.

पाट कोरडा होता. मोरीचं भोक जिथं उघडत असे तिथं ओलं सिमेंट थापलेलं, आणि त्यातून एक नवाकोरा पाईप वाकून थेट ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गेला होता. संडासाचा पाईपही त्याच चेंबरमध्ये. काल संध्याकाळी ती आणि प्रभाताई आजच्या विधीसाठी फुलं-फळं आणायला बाजारात गेल्या होत्या. दोन तास, फार तर अडीच. तेवढ्यात थोरल्या दिरांनी धुळाप्पा गवंड्याला बोलावून काम उरकून घेतलं होतं.

आज सासरे धोंडप्पा जाऊन वर्ष होत होतं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे सकाळी जंगमस्वामी येणार, त्यांची पाद्यपूजा, मग पंगत. आणि संध्याकाळी सहाला याच अंगणात शिवगंगा सोसायटीची सभा, अध्यक्ष थोरले दीर शिवलिंगप्पा. सभेपुढं ठराव एकच: विजापूर रोडवर नवी ड्रेनेजची लाईन आली आहे, तरी बावीसही घरांनी आपला संडास आणि आपली मोरी, दोन्ही त्या लाईनला जोडून घ्यावीत.

संडासाबद्दल कमलम्माचं काही म्हणणं नव्हतं. जोडा की, उलट बरंच झालं! पण मोरीचं पाणी गटारात गेलं की लिंब मेले. दुष्काळानंतरच्या पावसाळ्यात, त्र्याहत्तर साली, तिनं आणि सासऱ्यांनी मिळून ते लावले होते. नुसता मुरमाड माळ होता तेव्हा. पहार मारली की ठिणगी उडायची. सासरे म्हणाले होते, "कमळा, सहा उन्हाळे पाणी द्यायचं. मुळं खाली ओलीला लागली, की मग झाडच तुला देईल." हा चौथा उन्हाळा. नळ एक दिवसाआड, तोही तासभर. त्यात पिण्याचं पाणी झाडाला कोण घालणार? म्हणून तिनं घरोघर फिरून मोऱ्या पाटाला जोडून घेतल्या. धुण्याचा सोडा कमी करा म्हणाली, भांड्यांना राख लावा म्हणाली, न्हायला शिकेकाई घ्या म्हणाली. गल्लीच्या टोकाच्या विणकर कुटुंबाला हात जोडून सांगितलं, सुताच्या रंगाचं पाणी तेवढं पाटात सोडू नका. पोरं तिला मोरीमास्तरीण म्हणायची. म्हणोत बापडी.

आताही गेले चार महिने ती दारोदार हिंडली होती. अकरा घरच्या बायकांनी शब्द दिला होता, आम्ही फक्त संडास जोडू. पण प्रत्येकीचं शेपूट एकच: "आधी तुमच्या घरचं काय ते बघू हं, कमलम्मा."

आणि घरचं हे असं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"भावजी, मला विचारायचं तरी," चहा देताना ती शिवलिंगप्पांना म्हणाली. आवाज चढू नये म्हणून तिनं कपबशीकडं बघत म्हटलं.

शिवलिंगप्पा माणूस वाईट नव्हते. डाळीचा व्यापार, बोलणं मोजकं, दिलेला शब्द मोडायचा नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग? हे बघ कमळा, मागच्या श्रावणात माझी दुर्गी एकोणीस दिवस हिवतापानं फणफणली. डॉक्टर म्हणाले, घराजवळ पाणी साचतंय का बघा. तेव्हाच मी ठरवलं. झाडं मलाबी आवडतात की. पण पोरीपरास झाड मोठं न्हाय."

 दुर्गीच्या उशाशी कमलम्मा स्वतः रात्र रात्र बसली होती. "पाट मी दर आठ दिवसांनी झाडते," एवढंच ती म्हणाली.

"तू झाडतेस. बाकीची एकवीस घरं झाडतात का?" आणि बशी खाली ठेवून, जरा मऊ आवाजात, "आज अप्पांचा दिवस हाय. आज वाद नको. अव्वालाबी मी सांगितलंय, तिची काय हरकत न्हाय."

कमलम्मानं सासूबाईंकडं बघितलं. सुंदरम्मा देवघरापाशी बसून कपाळाला विभूती लावत होत्या, तीन बोटं, तीन पट्टे, नेहमीच्या शांतपणानं. "शिवलिंगा म्हनतोय ते बरोबरच असंल," त्या म्हणाल्या. "पाव्हणे येतात, वास येतोय म्हनतात." आणि विभूतीची डबी मिटली. चनमल्लप्पा वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. धरणाच्या कागदावर दिवसभर पाणी अडवायचं आणि घरी आलं की मोरीतलंसुद्धा अडवायचं नाही, असा तिचा नवरा! तिनं एकदा त्याच्याकडं बघितलं, त्यानं पान उलटलं, आणि ती हुग्गीच्या खिरीचा गहू बघायला स्वयंपाकघरात गेली. थोरली जाऊ शिवबाई तिथं गूळ फोडत बसली होती. "बरंच झालं बाई," ती म्हणाली. "मला तर त्या पाटाची किळसच येत हुती." कमलम्मानं चुलीत लाकूड सारलं. डोळ्यांतून पाणी आलं ते धुरानं की कशानं, हे तिचं तिलाच ठाऊक.

नऊच्या सुमारास नागव्वा आली. धोंडप्पांची एकुलती एक लेक, दुधनीला दिलेली, सकाळच्या गाडीनं निघालेली. आली ती दारातूनच रडत आली, मग हसत पोरांना जवळ घेतलं, मग पदर खोचून थेट कामाला लागली. वडिलांच्या आजारपणात सात महिने ती इथंच येऊन जाऊन होती. त्यामुळं या घरात कुठला डबा कुठं, कुठली कळशी कुणाची, हे तिला सुनांपेक्षा जास्त माहीत. "वैनी, तुमी स्वामींचं आसन बघा," ती कमलम्माला म्हणाली. "बाकीचं मी बघते की."

शिवयोगी स्वामी आले. वाळलेले, उंच, हसऱ्या डोळ्यांचे म्हातारे. धोंडप्पांचे बाळपणापासूनचे स्नेही. चौरंगावर बसले, पाय पितळी परातीत ठेवले. शिवलिंगप्पांनी आणि त्यांच्या मागं बसून चनमल्लप्पानं ते पाय धुतले, विभूती लावली, बेलपत्र वाहिलं. परातीतलं पाणी, पादोदक, सगळ्यांनी तळहातावर घेऊन प्यायलं. सुंदरम्मांनी ते घेताना डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. धुपाचा धूर खोलीत असा साचला होता की फोटोतले धोंडप्पा धुक्यापलीकडं उभे असल्यासारखे दिसत होते. कमलम्माला वाटलं, आता ते विचारतील: कमळा, पाणी कुटं गेलं?

पंगतीची गडबड उठली. नागव्वानं परात उचलली. त्यात पाणी उरलं होतं, चांगलं तांब्याभर, बेलाची दोन-तीन पानं तरंगत होती. पादोदक असं कुठंही ओतायचं नसतं, पायदळी येईल असं तर नाहीच. दुसऱ्या घरांत ते तुळशीत किंवा झाडाच्या बुडाशी नेऊन ओततात. पण या घराची रीत वेगळी होती. इथली मोरीच बेलाला जात होती. म्हणून पूजेचं, अभिषेकाचं, सगळं पाणी मोरीत ओतायचं आणि हात जोडायचे, अशी सवय सगळ्यांना लागली होती. सासऱ्यांनीच ती लावली होती. "गुडघे दुखतात तुझे," ते बायकोला म्हणायचे, "बेलापतूर कशाला जातीस? हितनं घाल, ते आपल्या पायानं जातंय."

नागव्वा परात घेऊन मोरीकडं निघाली.

कमलम्मा दारातच होती. हातात पत्रावळींचा गठ्ठा. तिनं बघितलं. तिला सगळं एकदम कळलं, पाणी कुठून कुठं जाणार ते. "वन्सं, थांबा" एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं. आणि त्याच क्षणी मनातनं कुणीतरी म्हणालं, जाऊ दे. हे गेलं की सासूबाई पेटून उठतील. मग तुला कुणाला काही सांगायला नको.

ती गप्प राहिली. पाणी मोरीत पडलं. पानं भोकाशी जरा गोल फिरली आणि गेली. नागव्वानं हात जोडले.

"अय्यो शिवने!" किंकाळी शिवबाईची होती. ती गुळाचे हात धुवायला आली होती. "वन्सं! काय केलंत? कालच पाईप बदललाय की! ते समदं संडासाच्या गटारात गेलं!"

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगावा. नागव्वा मटकन खालीच बसली. "मला काय ठावं? मला कुणी सांगितलं? अप्पाच्या वर्षाला माझ्या हातनं..." म्हणून तिनं कपाळ बडवायला सुरुवात केली. शिवबाई नवऱ्याकडं बघेना. शिवलिंगप्पांचा चेहरा चुन्यासारखा झाला. आणि सुंदरम्मा उठल्या, भिंतीला धरत मोरीपाशी आल्या, त्या भोकाकडं बघत उभ्या राहिल्या. "शिव, शिव," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या नावाचं पाणी. घाणीत घातलं व्हय रे, शिवलिंगा?"

 झालं. आता झालं. तिला आनंद झाला होता, आणि त्या आनंदाची तिला तत्क्षणी लाज वाटली.

पण चौरंगावरचे स्वामी हसत होते.

"नागव्वा, ऊठ बाळ," ते म्हणाले. "आमचे पाय काय सोन्याचे हाईत का काय? तुमी प्याला, ते पादोदक. ऱ्हायलेलं ते पाणी. पाणी कुटं जायाचं ते पाण्याला ठावं. गटारात गेलं म्हनून शिव बाटत असता तर ह्या जगात एकबी शिव चांगला ऱ्हायला नसता. वाढा आता, हुग्गीचा वास लई येतोय."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले. शिवलिंगप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "स्वामींनी सांगितलं म्हणजे झालं, अव्वा," ते म्हणाले. सुंदरम्मांनी मान हलवली. "व्हय. स्वामींनी सांगितलं म्हंजे झालं." आणि पंगत बसली.

कमलम्मा हुग्गी वाढत गेली, तूप वाढत गेली, "घ्या की अजून" म्हणत गेली. आतून मात्र ती रिकामी झाली होती. ज्या पापानं हाताशी काही लागायचं होतं, ते पापही फुकट गेलं.

दुपारी सगळं निवलं. स्वामी गेले. पुरुष पुढच्या खोलीत चटयांवर आडवे झाले, पोरं जिन्याखालच्या गारव्यात. बायकांची पंगत उरकली, भांडी पालथी पडली. सोलापूरचं ऊन म्हणजे दारात उभा असलेला माणूसच, कुणी आत घेत नाही आणि तो जातही नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कमलम्मा मागच्या दारात आली तेव्हा बेलाखाली सुंदरम्मा बसल्या होत्या. बेलाची जुनी पानं गळून कोवळी पालवी फुटली होती, तांबूस, अंगातून ऊन आरपार जाणारी. त्या उजेडात म्हातारीचं पांढरं लुगडंही तांबूस दिसत होतं. आळ्यातली माती कडेनं भेगाळायला लागली होती. एकाच दिवसात! मुंग्या त्या भेगांतून ये-जा करत होत्या, आणि सुंदरम्मा त्यांच्याकडं बघत होत्या.

कमलम्मा त्यांच्याजवळ जाऊन बसली.  पालवी हलली की मातीवरचा उजेडही हलायचा. डोळे जड होत होते. शेवटी कमलम्माला राहवेना.

"अत्ती, मी बघितलं होतं."

"काय?"

"वन्संनी परात उचलली तेव्हा मी दारातच होते. थांबा म्हणाले असते तर त्या थांबल्या असत्या. मी म्हणाले नाही."

सुंदरम्मांनी मान वळवली नाही. "का गं?"

"वाटलं, जाऊ दे. गेलं म्हणजे तुम्ही माझ्या बाजूच्या व्हाल." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "चुकलं माझं. मामंजींच्या दिवशी असं मनात आणलं. लाज वाटते मला माझी."

 एक मुंगी सुंदरम्मांच्या पावलावर चढली, त्यांनी ती चढू दिली.

"लई शहाणी हाईस," त्या म्हणाल्या. "मला आपल्या बाजूची करायला स्वामींचं पाणी नासावं लागतंय व्हय? इचारायचं की."

"चार महिने विचारत होते, अत्ती!"

"लिंबाचं इचारत हुतीस. सावली, मुरूम, दोन उन्हाळे, अकरा घरं. मला म्हातारीला त्यातलं काय कळतंय? ह्या बेलाचं एकदा तरी इचारलंस?"

कमलम्माची नजर भेगाळलेल्या आळ्याकडं गेली.

"सात महिने ह्यांना त्याच मोरीत बसवून आंगोळ घातली," सुंदरम्मा म्हणाल्या. त्या बेलाशी बोलल्यासारख्या बोलत होत्या. "शिवलिंगा उचलून आणायचा. लेकरागत. मी पाणी घालायची. ह्यांचं आर्धं आंग गेलेलं, बोलणं गेलेलं, पर पाणी आंगावर पडलं की ह्ये कान द्यायचे. बेलात पाणी पडल्याचा आवाज आला की हसायचे. आर्ध्या तोंडानं. अन् शेवटची आंगोळ, तीबी हितंच. दुधनीला आपल्या शेतात माती दिली. मला तितं जाता येत न्हाय, गुडगं गाडीत चढू देत न्हाईत. वरीस झालं, मी ह्यांची समाधी बघितली न्हाय. ह्यांची माती तितं हाय. पर पाणी कुटं हाय, कमळा? शेवटचं पाणी कुटं गेलं, सांग बघू?"

कमलम्मानं बेलाच्या खोडावर हात ठेवला. 

"मी चारला उठून न्हाते ते काय देवासाठी? देव सातलाबी पावतोय की. माझं पाणी ह्यांच्या पाण्यामागनं जातंय, म्हनून. आज पहाटं तांब्या घेतला, वतला, अन् आवाज न्हाय आला. दुसरा वतला. मग वतवंना. तशीच बसले, ओल्या आंगानं."

म्हणजे पहाटे भिंतीच्या अलीकडं सून आणि पलीकडं सासू, दोघीही त्याच आवाजाची वाट बघत होत्या. पाच वर्षं एका घरात राहून ही गोष्ट त्यांना एकमेकींची माहीत नव्हती. कमलम्मा रडायला लागली, मोठ्यानं, पोरीसारखी.

"मग सकाळी बोलला का नाहीत, अत्ती?"

"थोरला ल्योक. घर त्यो चालवतोय. म्हातारीनं काय सांगायचं, तुझ्या बापाचं पाणी हितनं जातंय म्हनून गटार नको? खुळी म्हनला असता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "जा. बोलव त्याला."

शिवलिंगप्पा बनियनवर आले, डोळ्यांत झोप. मागून चनमल्लप्पाही आला. कमलम्माचं रडणं त्यानं ऐकलं असावं.

"शिवलिंगा," सुंदरम्मा म्हणाल्या, "अप्पाला शेवटची घागर कुणी वतली?"

"मी, अव्वा. का?"

"कुटं गेलं ते पाणी?"

 शिवलिंगप्पांनी मोरीच्या भोकाकडं बघितलं, जिथं आता सिमेंट होतं. मग पाटाकडं. मग कोरड्या आळ्याकडं. त्यांची नजर त्या पाटातून अशी हळूहळू सरकत गेली, की कमलम्माला वाटलं, तेही पाण्यामागून चालत निघाले आहेत. बेलापर्यंत पोचले तेव्हा त्यांचा चेहरा आकसला. बावन्न वर्षांचा माणूस, सबंध वर्षात कुणी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. बापाला समाधीच्या खड्ड्यात बसवतानाही नाही. आता ते तिथंच उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"माझ्या ध्यानातच न्हाई आलं गं, अव्वा," ते म्हणाले. "शपथ, ध्यानातच न्हाई आलं."

"ठाव हाय मला," म्हातारी म्हणाली.

चनमल्लप्पा आत गेला. कमलम्माला वाटलं, गेला नेहमीसारखा. तो परत आला तो पहार आणि घमेलं घेऊन. पहार त्यानं थोरल्या भावापुढं धरली. आणि मग, जन्मात पहिल्यांदाच बहुधा, त्यानं या विषयावर तोंड उघडलं: "पाट सिमेंटचा करू, दादा. उतार काढून. आळ्यात खडी घालू. पाणी उभं राहिलं नाही की डास होत नाहीत. मी खात्यातल्या इंजिनिअरला विचारलंय."

"कधी विचारलंस?" कमलम्मा डोळे पुसत म्हणाली.

"महिना झाला."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलं कुठं?" चनमल्लप्पा म्हणाला. काय म्हणावं या घरातल्या माणसांना!

शिवलिंगप्पांनी पहार घेतली. उठताना ते कमलम्माकडं वळले. "पर दुर्गीला पुन्हा ताप आला तर बघ."

"आला तर पाट मी माझ्या हातानं बुजवीन, भावजी. शब्द देते."

पहिला घाव बसला तसं सगळं परसदार दणाणलं. शिवबाई धावत आली, "अवो, कालच तर सिमेंट..." म्हणाली, आणि सासूच्या तोंडाकडं बघून मागं सरली. नागव्वा दारात येऊन उभी राहिली. सिमेंट अजून पुरतं धरलेलं नव्हतं, पण शिवलिंगप्पा ते असे फोडत होते, जणू आत वर्षभराचं काहीतरी साचलेलं होतं. धुरळा उडाला, तो त्यांच्या केसांवर, मिशांवर, घामेजल्या खांद्यांवर बसला. चनमल्लप्पा घमेली भरून टाकत होता. पाईप बाजूला झाला आणि मोरीचं जुनं भोक पुन्हा उघडं पडलं.

सहाला माणसं यायला लागली. पुढच्या अंगणात खुर्च्या, सतरंजी. प्रभाताई त्यांच्या अहोंना घेऊन आल्या, टोकाचे विणकर आले, दुधनीकडचे दोन व्यापारी आले, जे शिवलिंगप्पांच्या शब्दाबाहेर नव्हते. ऊन कलतीला लागलं होतं. लिंबांची फुलं वाऱ्यानं सतरंजीवर झडत होती, बारीक, गोडसर वासाची, आणि माणसं ती झटकता झटकता बोलायची थांबत होती.

"अध्यक्ष कुठं आहेत?" प्रभाताईंचे अहो घड्याळ बघत म्हणाले. "ठराव वाचायचा ना?"

"आंघोळीला गेलेत," कमलम्मा म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता."

लोकांनी एकमेकांकडं बघितलं. प्रभाताईंनी भुवई उंचावून कमलम्माला विचारलं, काय झालं? कमलम्मानं नुसती मान हलवली आणि कान दिला. मागं, घराच्या आत, तांब्या बादलीवर टेकला. मग आवाज आला. भोकातून पाटात, पाटातून आळ्यात. बराच वेळ गेला. तहानलेली माती सहजासहजी पुढं सोडत नाही. मग कुंपणाखालच्या भोकातून पाणी बाहेर आलं, पुढ्यात धूळ, काटक्या आणि लिंबाची फुलं लोटत, सभेच्या देखत, आणि पहिल्या लिंबाच्या बुडाशी जाऊन थांबलं.

 विणकरांच्या घरची म्हातारी उठून ते बघायला पुढं गेली.

आतून सुंदरम्मांचा आवाज आला, स्पष्ट, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"अजून दोन तांबे घे रे, शिवलिंगा. प्रभाबाईच्या लिंबापतूर गेलं पायजे."